पाण्याची पाळी आणि बंद दिवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गळ्यातील गंठण हिसकावल्याची बातमी आपल्या दैनिकात एका पानावर येते आणि पाण्याच्या पाळीची किंवा बंद पथदिव्यांची बातमी दुसऱ्या पानावर. सोलापुरात, विशेषतः शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना या बातम्या वेगवेगळ्या वाटत नाहीत, आणि त्याचे कारण आमच्याच गल्लीतील एका प्रसंगावरून सांगतो.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते आणि अनेकदा ते पहाटे सुटते. मागच्या महिन्यात असेच साडेचारला पाणी आले. शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या आजी दारासमोरच्या खड्ड्यातील नळाला पाइप जोडण्यासाठी वाकल्या असताना दुचाकीवरून आलेल्या दोघांपैकी एकाने त्यांना पत्ता विचारला आणि त्या मान वर करेपर्यंत गळ्यातील बोरमाळ गेलेली होती. समोरच्या खांबावरील दिवा त्याआधी दोन महिने बंद होता. कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्यात अंधाराशिवाय काही दिसले नाही. आजींनी आयुष्यभर विड्या वळून केलेला तो एवढाच दागिना होता.

चोरांना आमची पाळी ठाऊक असते, कारण ती साऱ्या गावाला ठाऊक असते. कोणत्या भागात कोणत्या दिवशी पाणी सुटणार, म्हणजेच कोणत्या गल्लीत पहाटेच्या अंधारात बायका, त्याही बहुतेक एकट्या, दाराबाहेर असणार, हे शोधून काढायला फारशी हुशारी लागत नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, गिरण्या तीन पाळ्यांत चालत होत्या तेव्हा या शहरातील रस्ते रात्रीही ओस पडत नसत. भोंगा झाला की डबे घेतलेली माणसे येत-जात असत आणि चहाची गाडी उघडी असे. ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी 1960च्या दशकात आणि लक्ष्मी-विष्णू गिरणी 1990च्या दशकात बंद पडली, आणि रस्त्यावरची ती वर्दळही गेली. त्या वर्दळीची जागा निदान दिव्यांनी तरी घ्यायला हवी होती. ज्या शहराची जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या देशातील पहिल्या 20 शहरांत निवड झाली, त्या शहरातील रहिवाशाने दिव्यासाठी पत्र लिहावे, याचे मला स्वतःलाच जरा हसू येते.

चोरीनंतरचा अनुभव अधिक बोलका आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला तो, एवढ्या अंधारात बाहेर कशाला आलात, असा. नंतर हद्द दुसऱ्या ठाण्याची असल्याचे सांगण्यात आले. वास्तविक 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 नुसार हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार अशा दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घ्यावीच लागते. हे कलम मी कागदावर लिहून नेले, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी नोंद झाली. आजींनी ते कुठून लिहून न्यायचे? दिव्याची चौकशी केली, तर संबंधित कार्यालयाने ठेकेदाराकडे बोट दाखवले आणि ठेकेदाराच्या माणसाने साहित्य आले नसल्याचे सांगितले. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये रस्त्यांवरील दिवे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून नोंदवलेले आहे. ते ठेक्याने करून घेता येईल, पण म्हणून ते ठेकेदाराचे कर्तव्य ठरत नाही. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे तर ज्यांच्या दारात जाऊन भांडावे असे नगरसेवकही नव्हते.

पाणी रोज द्या, ही मागणी मी येथे करीत नाही. उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून येते, समांतर जलवाहिनी झाली तरी शहरातील वितरणाची व्यवस्था सुधारायला वेळ लागेल, हे समजते. मागणी त्याहून खूपच लहान आहे. ज्या भागाची पाळी असेल त्या भागाची यादी आदल्या दिवशी संबंधित पोलीस ठाण्याला मिळावी आणि गस्तीची गाडी त्या तासाला त्याच गल्ल्यांतून फिरावी. दिवे दुरुस्त करणाऱ्या पथकानेही आधी तोच भाग तपासावा. यासाठी नवा निधी लागत नाही, दोन कार्यालयांनी रोज सायंकाळी एकमेकांना एक फोन केला तरी पुरते. शक्य असेल तेथे पाळी सूर्योदयानंतरची ठेवावी. आणि प्रत्येक खांबावर ठळक क्रमांक रंगवावा. आमच्या खांबावर तो नसल्यामुळे मला तक्रारीच्या अर्जात ‘किराणा दुकानासमोरील खांब’ असे लिहावे लागले, आणि आमच्या रस्त्यावर किराणा दुकाने चार आहेत.

दिवा अजून बंद आहे. आमची पुढची पाळी गुरुवारी पहाटे आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
पूर्व भाग, सोलापूर