कॅमेऱ्याच्या बॅगेबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बॅगेच्या तळाला जाहिरातीपेक्षा पातळ फोम असल्याने कॅमेऱ्याचे झालेले नुकसान

महोदय,

मे महिन्यात तुमच्या वेबसाइटवरून ‘लार्ज फॉरमॅटसाठी खास’ (म्हणजे मोठ्या शीट फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी) म्हणून विकली जाणारी बॅग ११,८०० रुपयांना घेतली. तळाला २० मिलिमीटर फोम आहे, असं तिथे लिहिलं होतं. आजही लिहिलेलं आहे.

१४ डिसेंबरला स्वारगेटहून एसटीने वाईला गेलो. मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटाचे फोटो काढायचे होते. बॅग वाटभर मांडीवर होती, डिकीत नव्हती. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या माणसाने पहिला प्रश्न तोच विचारला. वाई स्टँडवर उतरताना उजवा पट्टा शिवणीतून उसवला आणि बॅग गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली आली. एवढ्याशा पडण्यासाठीच तर लोक साध्या पिशवीऐवजी अशी बॅग घेतात.

उघडून पाहिलं तर लाकडी फोर बाय फाइव्ह (४×५ इंची फिल्मच्या) कॅमेऱ्याच्या ग्राउंड ग्लासला, म्हणजे फोकस पाहायच्या मागच्या काचेला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. सेलोटेप लावून फिल्मच्या ८ शीट काढल्या. घरी डेव्हलप केल्यावर आठही निगेटिव्हवर काळपट पट्टा. मग रात्री बाथरूममध्ये दिवा बंद करून बेलोजमध्ये (लेन्स आणि काच यांच्यामधल्या घड्यांच्या भात्यात) टॉर्च धरला, तेव्हा एका घडीवर टाचणीच्या डोक्याएवढा उजेड दिसला. बॅगेच्या पाठीकडची ॲल्युमिनियमची पट्टी अस्तर फाडून आत घुसली होती, ती बरोबर तिथेच.

तळाचं अस्तर उसवून फूटपट्टी लावली. फोम ६ मिलिमीटर.

फोनवरच्या ताईंनी विचारलं, “सर, लेन्स आणि मेमरी कार्ड ठीक आहे ना?” या कॅमेऱ्यात कार्ड नसतं. ग्राउंड ग्लासची खरखरीत बाजू आणि होल्डरमधली फिल्म लेन्सपासून तंतोतंत सारख्या अंतरावर यावी लागते. केसभर चुकलं, तर काचेवर लख्ख दिसलेलं फिल्मवर धूसर येतं. त्यामुळे ‘काच कुठेही बसवून घ्या’ हा त्यांचा सल्ला निरुपयोगी आहे. नंतर ईमेलवर ‘नेहमीच्या वापरातली झीज’ असं उत्तर आलं. सात महिन्यांत ही बॅग तिसऱ्यांदा घराबाहेर पडली होती.

बॅगेची पूर्ण किंमत, नवी काच आणि बेलोज दुरुस्ती यांचा खर्च १५ दिवसांत द्यावा. बिलं सोबत जोडली आहेत. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बॅग उसवलेल्या अवस्थेतच ठेवली आहे. तपासायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला फूटपट्टी आणायला सांगा.

आपला ग्राहक,
सदाशिव पेठ, पुणे ३०