तक्रार: ओएस अपडेटनंतर आलेल्या डिस्क इमेजेसना तुमचं अ‍ॅप 'धोकादायक डिस्क' म्हणतंय

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी तुमच्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरलेली ग्राहक आहे. फुकटवाली नाही, हे आधीच सांगून टाकते कारण तुमच्या चॅटवर सगळ्यात पहिल्यांदा तेच विचारतात. अ‍ॅपचं काम काय, तर मॅकच्या डिस्कवर लक्ष ठेवायचं, जागा कमी झाली की सांगायचं, फालतू फायली शोधून द्यायच्या. आजवर ते गपगुमान चाललं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती मॅकओएस सिकोयाचं अपडेट टाकल्यावर तुमच्या अ‍ॅपने जो गोंधळ घातलाय त्याची, आणि त्याहून जास्त तुमच्या सपोर्टवाल्यांनी मला जे करायला सांगितलं त्याची.

झालं असं की अपडेट संपलं, मॅक रीस्टार्ट झाला, लॉगिन केलं आणि उजव्या कोपऱ्यात तुमच्या नोटिफिकेशनची रांग लागली. 'अनोळखी डिस्क जोडली गेली आहे.' 'डिस्क पूर्ण भरली आहे, ताबडतोब जागा मोकळी करा.' परत 'अनोळखी डिस्क जोडली गेली आहे.' आता मॅकला काहीही जोडलेलं नव्हतं, पेनड्राइव्ह नाही, बाहेरची हार्डडिस्क नाही, चार्जर सोडला तर सगळे पोर्ट रिकामे. फाइंडरच्या साइडबारला काही नाही, डेस्कटॉपवर काही नाही. म्हणजे डिस्क आहेत म्हणे, भरल्यात म्हणे, पण दिसत कुठेच नाहीत! आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये त्यांची नावं बघावीत तर क्रीडन्स आणि पुढे आकडे-अक्षरांची माळ, मग सिक्युअर पीकेआय ट्रस्ट स्टोअर असं काहीतरी एकमेकांना चिकटवलेलं, आणि शेवटी क्रिप्टेक्स. दुसऱ्या काहींची सुरुवात रिव्हायव्हल अशी. असलं नाव वाचून कुणालाही वाटेल मशीनमध्ये काहीतरी शिरलंय, त्यात तुम्ही शेजारी लाल त्रिकोण लावून ठेवलाय.

मग तुमच्याशी बोलणं सुरू झालं. पहिल्या एजंटचं म्हणणं, तुम्ही कुठलं तरी अ‍ॅप डाउनलोड करताना डीएमजी (म्हणजे डिस्क इमेज, उघडली की वेगळी डिस्क असल्यासारखी वागणारी फाइल) उघडून तसंच ठेवलं असणार, इजेक्ट करा. डीएमजी उघडलेलं असतं तर फाइंडरमध्ये दिसलं असतं ना, हे मी विचारलं, त्याला उत्तर नाही. तुमच्याच अ‍ॅपमधलं 'डिस्क काढा' बटण दाबलं, हिरवी टिक आली, मॅक रीस्टार्ट केला की मंडळी परत हजर. दुसरा एजंट म्हणाला की मग हा मालवेअर असू शकतो, तुमच्या प्लॅनमध्ये डीप स्कॅन येत नाही, वरचा प्लॅन घ्या म्हणजे लगेच कळेल. तिसऱ्याने तर कहर केला, त्याच्यावर खाली सविस्तर लिहिते.

शेवटी मीच शोधलं, आणि अवघड काही नव्हतं. मॅकमधलंच डिस्क बघायचं अ‍ॅप, डिस्क युटिलिटी, उघडून व्ह्यू मेनूमधलं 'शो ऑल डिव्हायसेस' केलं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, डिस्कयुटिल लिस्ट ही डिस्कची यादी देणारी कमांड चालवली, तिथे या नोंदींपुढे चक्क 'डिस्क इमेज' असं लिहिलेलं असतं, खरी आतली डिस्क असेल तिथे 'इंटर्नल, फिजिकल' लिहितात. मग नुसतं माउंट टाइप करून एंटर मारला, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या फोल्डरात जोडून उघडली आहे (माउंट झाली आहे) ते दिसतं. ही तुमची अनोळखी डिस्क कुठे माउंट झालीये तर प्रायव्हेट, व्हार, रन, आणि त्याखाली कॉम डॉट अ‍ॅपल डॉट सिक्युरिटी डॉट क्रिप्टेक्सडी नावाच्या फोल्डरात. पुढे रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचायची, आणि नोब्राऊझ. नोब्राऊझ म्हणजे फाइंडरने दाखवायचं नाही, म्हणून मला दिसत नव्हतं. झालं, उलगडा. तुमचं अ‍ॅप हे सगळं वाचू शकतं, कारण डिस्कचं नाव आणि साइज ते तिथूनच उचलतं, मग नेमका हाच भाग सोडून का देतं?

तुमच्या टीमला सांगायची वेळ ग्राहकावर यावी हे विचित्र आहे, पण सांगते. क्रिप्टेक्स ही काय आज उगवलेली गोष्ट नाही. २०१९ मध्ये मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीत सिस्टिम आणि डेटा असे दोन वेगळे व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचे कप्पे, झाले, २०२० च्या बिग सरमध्ये सिस्टिमचा व्हॉल्यूम सीलबंद झाला, त्यात एक बाइट बदलला तरी सील जुळत नाही. मग अडचण अशी की सफारीसारखं एखादं प्रकरण तेवढंच अपडेट करायचं तर अख्खी सीलबंद सिस्टिम कशाला उघडायची. म्हणून २०२२ च्या व्हेंच्युरापासून असे काही भाग वेगळ्या डिस्क इमेजमध्ये ठेवतात, त्या इमेजवर अ‍ॅपलची डिजिटल सही असते, तिलाच क्रिप्टेक्स म्हणतात. १ मे २०२३ ला व्हेंच्युराच्या १३.३.१ साठी जो छोटा तातडीचा सिक्युरिटी पॅच आला तो याच पद्धतीने आला होता. नंतर सिकोयामध्ये अ‍ॅपल इंटेलिजन्स, म्हणजे अ‍ॅपलचं एआय, आलं, त्याची भाषेची मॉडेलं मॅकवर उतरतात तीसुद्धा अशाच इमेजेसमधून माउंट होतात. सिकोयाच्या १५.३ पासून ते आपोआप चालू व्हायला लागलं, त्यामुळे ज्यांनी कधी त्याला हात लावला नाही त्यांच्याकडेही अपडेटनंतर इमेजेसची संख्या वाढलेली दिसते. आणि ती सिक्युअर पीकेआय ट्रस्ट स्टोअरवाली तर रूट सर्टिफिकेटांची आहे, म्हणजे बँकेची साइट खरंच बँकेची आहे का हे ज्यावरून ठरतं ती यादी. तिला तुमचं अ‍ॅप धोकादायक म्हणतंय. हसावं का रडावं कळेना.

आता त्या 'डिस्क पूर्ण भरली' प्रकाराबद्दल. अहो, रीड-ओन्ली इमेज भरलेलीच असणार. ती बनवतानाच आतल्या फायलींच्या मापाची बनवतात, त्यात नंतर काही लिहायचं नसतं तर रिकामी जागा ठेवून करायचं काय, ती छापून आलेल्या पुस्तकासारखी आहे, शेवटचं पान भरलंय म्हणून कुणी धावपळ करत नाही. उबंटू लिनक्स वापरणाऱ्यांना हे कधीपासून माहितीये, तिथे स्नॅप या पॅकेजमधून येणारी अ‍ॅप्स लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे फाइलच डिस्क असल्यासारखी, माउंट होतात आणि जागा दाखवणारी डीएफ कमांड दिली की प्रत्येकापुढे १०० टक्के. तिथल्या डिस्कवर लक्ष ठेवणाऱ्या टूल्समध्ये लूप डिव्हाइस वगळायला लोक पहिल्या दिवशी शिकतात. तुमचं अ‍ॅप याच कामाचं आहे ना? एखादी डिस्क फक्त वाचायची आहे का एवढं बघून मग भरल्याची बोंब मारायची, ही एक अट टाकायला कितीसा कोड लागतो.

बेरजेचीही तीच तऱ्हा. माझा एसएसडी ५१२ जीबीचा आहे. तुमच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये अपडेटनंतर एकूण क्षमता त्याच्या पुढे गेली! कारण डिस्क इमेज ही शेवटी त्याच एसएसडीवर पडलेली एक फाइल असते, फाइल म्हणून तुम्ही ती एकदा मोजली आणि डिस्क म्हणून वरून पुन्हा मोजली, शिवाय एपीएफएसची (अ‍ॅपलची डिस्कवर फायली मांडायची पद्धत) इमेज असली तर यादीत इमेज वेगळी आणि तिच्यातला कंटेनर, म्हणजे आतला मोठा कप्पा, वेगळा अशा दोन नोंदी येतात, त्याही तुम्ही धरल्या असणार. मग 'तुमची साठवण झपाट्याने भरत आहे' असा लाल आलेख काढून खाली वरच्या प्लॅनचं बटण. हे मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, पण चूक नेहमी वरच्या प्लॅनच्याच दिशेने कशी पडते हे मात्र तुम्ही स्वतःला विचारा.

आता तिसरा एजंट. याने मला लिहून पाठवलं, चॅटची प्रत माझ्याकडे आहे, की मॅक रिकव्हरीत (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या मोडमध्ये) चालू करा, टर्मिनल उघडा, सीएसआरयुटिल डिसेबल द्या म्हणजे सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन बंद होईल, मग परत येऊन डिस्क युटिलिटीत डिस्क ५ सिलेक्ट करून इरेज करा. मी दोनदा वाचलं. अहो ते प्रोटेक्शन २०१५ च्या मॅकच्या एल कॅपिटान आवृत्तीपासून याचसाठी आहे की कुठल्याही अ‍ॅपने, म्हणजे तुमच्यासुद्धा, सिस्टिमच्या फायलींशी खेळू नये. अ‍ॅपल सिलिकॉनच्या, म्हणजे अ‍ॅपलची स्वतःची चिप असलेल्या, मॅकवर ते बंद केलं की मशीनची स्टार्टअप सुरक्षा सगळ्यात खालच्या पायरीवर जाते. एक खोटी नोटिफिकेशन जावी म्हणून हे करायचं? आणि परत चालू कसं करायचं, याबद्दल त्या अख्ख्या चॅटमध्ये एक ओळ नाही.

त्याहून भयंकर ते 'डिस्क ५ इरेज करा'. हा ५ नंबर कायमचा नसतो हो. मॅक चालू होताना ज्या क्रमाने डिस्क आणि इमेजेस जोडल्या जातात त्या क्रमाने नंबर मिळतात, आज जी इमेज ५ आहे ती उद्या ७ असेल आणि ५ वर माझी बॅकअपची हार्डडिस्क बसलेली असेल. रीड-ओन्ली इमेज तर इरेज होणारच नाही, तिथे एरर येईल, पण बॅकअपची डिस्क मात्र एका क्लिकमध्ये साफ होईल. म्हणजे तुमच्या सल्ल्याने जे पुसायचं ते पुसलं जाणार नाही आणि जे जपायचं ते जाईल. मला डिस्कयुटिल लिस्ट वाचता येतं म्हणून मी थांबले, पण तुमचं अ‍ॅप घेणारे बहुतेक लोक ते एवढ्यासाठीच घेतात की त्यांना हे असलं बघायचं नसतं, त्यांनी एजंट म्हणाला म्हणून डोळे झाकून केलं असतं तर? तुमच्या अटी-शर्तींमध्ये डेटा गेल्यास आम्ही जबाबदार नाही हे मात्र ठळक आहे, ते मी वाचलंय.

एक गोष्ट मान्य करते, की प्रत्येक डिस्क इमेज निरुपद्रवी असते असं अजिबात नाही. मालवेअर डीएमजीतून येतो हे खरं आहे, त्यामुळे अनोळखी इमेज माउंट झाली तर सांगणं हे चांगलंच फीचर आहे, ते काढून टाका असं माझं म्हणणं नाही. पण फरक ओळखता येतो की. डाउनलोड्स फोल्डरातली इमेज वापरणाऱ्याच्या खात्यातून माउंट झाली, ती फाइंडरमध्ये दिसतेय, आत इन्स्टॉलर आहे, तिथे जरूर विचारा. सिस्टिमने स्वतः क्रिप्टेक्सच्या फोल्डरात माउंट केलेली, सही तपासलेली, लपवलेली, रीड-ओन्ली इमेज असेल तर 'ही ऑपरेटिंग सिस्टिमची आहे, काही करायची गरज नाही' एवढं लिहा. फक्त नावावर जाऊ नका, क्रिप्टेक्स नाव काय कुणीही देईल, जागा आणि सही बघा. एक्सकोड (अ‍ॅप बनवायचं अ‍ॅपलचं टूल) वापरणाऱ्यांकडे सिम्युलेटरच्या इमेजेस असतात, मॅकचं बॅकअप टूल टाइम मशीन नेटवर्कवर बॅकअप घेत असेल तर स्पार्सबंडल, म्हणजे वाढत जाणारी डिस्क इमेज, माउंट होतं, हे सगळे रोजचे प्रकार आहेत, तुमच्या मदतीच्या पानांवर यातल्या एकाचाही उल्लेख मला सापडला नाही. तिथे आहे काय तर 'जागा कमी पडतेय? प्लॅन वाढवा'.

तर मला हवंय ते असं. पहिलं म्हणजे तो सीएसआरयुटिलवाला सल्ला तुमच्या एजंटांच्या उत्तरांच्या साच्यातून आजच्या आज काढा, अ‍ॅपचं अपडेट यायला वेळ लागेल हे समजू शकते पण तयार उत्तरातली दोन वाक्यं खोडायला वेळ लागत नाही, आणि ज्यांना ज्यांना तो आधी पाठवलाय त्यांना स्वतःहून ईमेल करा की प्रोटेक्शन परत कसं चालू करायचं, रिकव्हरीत जाऊन सीएसआरयुटिल इनेबल. मग अ‍ॅपमध्ये भरल्याची सूचना आणि एकूण बेरीज दोन्ही दुरुस्त करा. ते होईपर्यंत निदान सेटिंगमध्ये 'सिस्टिमच्या डिस्क इमेजेस वगळा' असा एक चेकबॉक्स द्या, सध्या मी सगळ्याच सूचना बंद करून बसलेय, म्हणजे ज्या कामाचे पैसे भरले ते कामच बंद आहे. म्हणून वर्गणीच्या उरलेल्या महिन्यांचे पैसे परत हवेत. क्रेडिट पॉइंट नकोत, वरच्या प्लॅनची महिनाभराची ट्रायल तर मुळीच नको.

सोबत नोटिफिकेशनचे स्क्रीनशॉट, तुमच्या रिपोर्टचं ते पान, डिस्कयुटिल लिस्ट आणि माउंटचं आउटपुट, आणि तिन्ही चॅटच्या प्रती जोडल्या आहेत. आउटपुटमधली माझ्या खात्याची आणि बाहेरच्या डिस्कची नावं झाकली आहेत, बाकी जसंच्या तसं आहे, डेव्हलपर टीमला पाठवा, सपोर्टलाच फिरवत ठेवू नका.

उत्तर ईमेलवर द्या, चॅटवर नको. तुमची चॅटची खिडकी बंद झाली की मागचं सगळं गायब होतं आणि नवा एजंट पुन्हा 'तुम्ही कुठलं डीएमजी उघडलं होतं का' इथूनच सुरू करतो.

आपली,
वर्गणी संपेपर्यंत तरी ग्राहक