टोकियोतल्या निशी-कसाईच्या लेकीला, साताऱ्याहून

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

"माझं नाव कुठे लिहू नका, काका" असं तू दोनदा बजावलंस, म्हणून नाव लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार. फोनवर मी आभाराचं काही लिहिलं की तू हात जोडल्याचं चित्र पाठवतेस आणि विषय मिटवतेस. इथे तुला तसं करता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. सगळी नोकरी स्टँडवरच्या केबिनमध्ये गाड्या सोडण्यात गेली. ही मुलगी माझ्या भावजयीच्या मैत्रिणीची लेक. टोकियोत निशी-कसाईला राहते. त्या भागात आपली माणसं इतकी आहेत की कढीपत्त्यासाठीही फार लांब जावं लागत नाही. आमची तोवर भेट नव्हती. निवृत्तीनंतर तीन आठवडे जपानात रेल्वेनं फिरायचं वेड माझ्या डोक्यात शिरलं, तेव्हा भावजयीनं हिचा नंबर दिला आणि म्हणाली, "तिला फार छळू नका."

मी छळलं. पहिल्याच खेपेला फुलस्केपची तीन पानं फोटो काढून पाठवली. २१ दिवस, १४ गावं. वर साप्पोरो, खाली कागोशिमा, मधली सगळी मोठी शहरं. ड्युटीचा तक्ता लावतात तसा लावला होता, एक मिनिट वाया जात नव्हतं. तुझं उत्तर एका ओळीचं आलं : "काका, यात जेवायचं कधी?"

मग रविवारी फोन केलास आणि विचारलंस, "तुम्हाला गाडीत बसायचंय की गावं बघायचीत?" मी खरं ते सांगितलं, गाडीत बसायचंय. तू हसलीस आणि म्हणालीस, "आणि काकूंना?"

काकूंना मी विचारलंच नव्हतं. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो नि विचारलं. ती म्हणाली, "मला एकेका गावात निदान दोनदा तरी सकाळ बघायचीय."

त्या एका वाक्यावर तू माझ्या १४ गावांवर पेन्सिल चालवलीस. टोकियोहून साप्पोरो म्हणजे बुलेट ट्रेन आणि पुढची एक्स्प्रेस मिळून जवळजवळ आठ तास, म्हणून होक्काइडो, म्हणजे वरचं साप्पोरोचं बेट, गेलं. खालचं कागोशिमाचं बेट, क्यूशू, तेही गेलं. उरलं टोकियो, कानाझावा, ताकायामा, क्योटो, हिरोशिमा, मात्सुए आणि परत टोकियो. मला तेव्हा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. दोन दिवस तुला मेसेज केला नाही, आठवतं?

तारखाही तूच हलवल्यास. मी एप्रिलअखेर निघणार होतो. २९ एप्रिलपासून ५ मेपर्यंत तिकडे सुट्ट्यांची रांग असते, 'गोल्डन वीक'. आपल्याकडे गणपतीत कोकणच्या गाड्यांची जी गत, ती तिथे सगळ्या देशाची. दिवाळीनंतर या, म्हणालीस. त्यामुळे नोव्हेंबर मिळाला, झाडांचे लाल-पिवळे रंग मिळाले, आणि कानाझावाच्या केनरोकुएन बागेत बर्फाच्या भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून माळी पाइनच्या झाडांना शेंड्यापासून दोर बांधतात, तेही बघायला मिळालं. ते काम १ नोव्हेंबरला सुरू होतं. काकू त्या दोरांखाली अर्धा तास उभी होती. माझ्या तक्त्यात त्या बागेला एकूण चाळीस मिनिटं होती.

आता पैशांचं, कारण इथे पुष्कळ जण फसतात. मलाही सगळ्यांनी सांगितलं होतं, 'जपान रेल पास' घ्या, डोळे मिटून. म्हणजे एकदाच पैसे भरायचे आणि ठरलेले दिवस रेल्वेनं फिरायचं. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे दर वाढले. २१ दिवसांचा साधा पास ६०,४५० येनांवरून थेट १ लाख येन झाला आणि १४ दिवसांचा ८० हजार. येन साठ पैशांचा धरला तरी माणशी साठ हजार रुपये. तू मला बेरीज करून दिली नाहीस. "काका, तुम्ही केबिनमधले. एकेका टप्प्याचं भाडं मांडा आणि तुम्हीच सांगा" म्हणालीस. मांडलं. उरलेल्या गावांची बेरीज माणशी पंच्याहत्तर हजार येनांच्या आसपास आली. १४ गावांच्या तक्त्याला पास परवडला असता, पण तो तक्ता तू आधीच संपवला होतास.

तिकिटाचं गणितही तुझ्याकडूनच कळलं. भाडं वेगळं आणि वेगाचे पैसे वेगळे, दोन कागद. भाड्याचं तिकीट १०० किलोमीटरपुढचं असेल तर बहुतेक मार्गांवर मध्ये उतरता येतं. क्योटो ते हिरोशिमा ३८० किलोमीटर, तिकीट तीन दिवस चालतं. आम्ही हिमेजीला उतरून तो पांढराशुभ्र किल्ला बघितला आणि पुढे गेलो. उतरताना गेटच्या यंत्रानं एक कागद गिळला आणि दुसरा परत दिला. 'ब्रेक जर्नी' देणाऱ्या त्या यंत्राला मी मनातल्या मनात नमस्कार केला. (त्या दिवशी क्योटोत आमची बस गर्दीत अडकून ठरलेली गाडी चुकली होती. तू सांगितलं होतंस, घाबरू नका, त्याच दिवशीच्या पुढच्या गाडीत बिनआरक्षणाच्या डब्यात बसा. बसलो.)

पण तुझे खरे आभार मानायचेत ते एका जाडजूड पुस्तकासाठी.

तुझ्या ऑफिसातलं कोणीतरी पुण्याला येत होतं, त्यांच्याबरोबर तू 'जिकोकुह्यो' पाठवलंस. जपानभरच्या गाड्यांचं वेळापत्रक, दर महिन्याला निघतं, हजारेक पानं, विटेसारखं. १९२५ पासून निघतंय म्हणे. मोबाइलवर दोन सेकंदांत गाडी सापडते हे मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक होतं. तरी पाठवलंस. त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. २१५० म्हणजे नऊ पन्नास, त्याला भाषा लागत नाही. पुढच्या पानांवर नकाशा, जपान चेपून ताणून आडवा पसरलेला, आणि प्रत्येक रेघेवर पानाचा आकडा. आठवडाभरात क्योटोची दोन चिन्हं ओळखायला लागलो, पंधरा दिवसांत ओकायामाची. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी सकाळी आठला आंघोळ करून टेबलाशी बसत होतो. काकू म्हणायची, "साहेब ड्युटीवर गेले."

व्हिसाच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो. तो मी त्या पुस्तकावरून भरला, गाड्यांच्या वेळांसकट. तितकं कोणी मागितलं नव्हतं.

पुस्तकात तू पेन्सिलीनं काही खुणा केल्या होत्यास. ताकायामा-नागोया 'हिडा' एक्स्प्रेसच्या पानावर गिफू स्टेशनाशी दोन्हीकडे टोकं असलेला बाण होता. मी दुर्लक्ष केलं. प्रत्यक्षात गिफूला गाडी थांबली आणि उलटी चालायला लागली. मी ताडकन उठलो. मला वाटलं, परत ताकायामाला निघाली. डब्यात कोणी मान वर केली नाही. शेवटची वीसेक मिनिटं सगळे तसेच उलट्या तोंडानं बसून नागोयाला पोचले. मग तो बाण आठवला.

काकूच्या जेवणाचा कागदही तुझाच. 'मांस नको, मासे नकोत' एवढं जपानीत लिहून भागत नाही, कारण साध्या सूपातही सुक्या माशाचा अर्क, 'दाशी', असतो. ते तू स्पष्ट लिहिलं होतंस. निम्म्या ठिकाणी लोकांनी वाचून मान हलवली आणि मनापासून माफी मागितली, पण काय आहे काय नाही ते कळलं तरी. बाकी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. औषधांचंही तसंच. महिनाभर पुरतील एवढ्या साध्या गोळ्यांना परवाना लागत नाही, पण सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांवर असेल तर ती नेताच येत नाही, हे तू सांगितलं नसतंस तर आमच्या डब्यातली पाकिटं तशीच गेली असती.

आणि 'सनराइझ'. रोज धावणारी जपानातली ही शेवटची शयनगाडी. आपल्या एसटीच्या भाषेत रातराणी. मात्सुएच्या शेजारच्या इझुमोहून संध्याकाळी सातच्या आधी निघते, टोकियोला सकाळी ७.०८. तिच्यात 'नोबीनोबी' म्हणून गालिच्याच्या जागा असतात, आडवं व्हायचं, बर्थचे पैसे नाहीत. तिकीट बरोबर एक महिना आधी सकाळी १० वाजता सुटतं आणि बघता बघता संपतं. मी ही गाडी सोडून द्यायला तयार होतो. तू म्हणालीस, "बघते."

तिकडे १० म्हणजे आपल्याकडे साडेसहा. मी सहापासून चहा घेऊन फोनसमोर. तू स्टेशनातल्या हिरव्या खिडकीशी, मिदोरी नो मादोगुची, फॉर्म भरून उभी होतीस. खिडकीतल्या बाईंनी आधीच सगळं यंत्रात घालून ठेवलं आणि ठोक्याला बटण दाबलं. ६.३२ ला तुझा मेसेज : "मिळाली. डबा १२. एक खाली, एक वर." तिकिटावर नाव नसतं, त्यामुळे ती तुझ्याकडे राहिली आणि पहिल्याच दिवशी तू आमच्या हातात दिलीस.

रात्री ओकायामाला ताकामात्सुहून आलेली दुसरी सनराइझ येऊन आमच्या गाडीला जोडली. अर्धा डबा फलाटावर पळाला बघायला. मीही चपला हातात घेऊन पळालो. दोन गाड्या अगदी हळू जवळ आल्या, टक् असा आवाज झाला, बस्स. परत आलो तर काकू पडद्याआड जागी. म्हणाली, "झालं समाधान?" झालं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी जेवायला आलो, वरण-भात आणि तुझ्या हातची बटाट्याची भाजी. तू पोळ्या लाटत होतीस, तेव्हा आमचे जावईबापू बोलून गेले की जवळच्या मेट्रो स्टेशनात ती खिडकी नाही, म्हणून त्या तिकिटांसाठी तू दुसरीकडे गेलीस आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकलीस. तिकिटांचे पैसे तू येनापर्यंत मोजून घेतलेस. रजेचं मला सांगितलं नाहीस.

आमच्याकडे किरकोळ रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागायचं. तू काय लिहिलं होतंस, तेवढं मात्र कळव.

तुझे,
साताऱ्याचे काका