किल्टवरचे बूट आणि ‘परंपरेची थट्टा’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडच्या हायलंड या डोंगराळ भागातील क्रीडामेळ्यांविषयी सचित्र लेख प्रसिद्ध झाला. लेख वाचनीय होता. मात्र त्यातील एका छायाचित्राखाली, ‘किल्टवर राकट बूट आणि काळ्या लेगिंग्ज : परंपरेची थट्टा’ अशी ओळ होती, आणि मजकुरातही किल्टबरोबर, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या चुण्यांच्या, गुडघ्यापर्यंतच्या लोकरी घागऱ्याबरोबर, पांढरे लोकरी मोजे व नाजूक नाड्यांचे काळे जोडे एवढेच काय ते शास्त्रोक्त, असे ठामपणे लिहिले होते. नोकरीच्या निमित्ताने मी अकरा वर्षे स्कॉटलंडमधल्या अबर्डीन शहरात काढली आहेत आणि त्या काळात किल्ट चार-पाच वेळा स्वतः नेसलोही आहे. त्या अनुभवाच्या बळावर हे पत्र लिहीत आहे.

लेखात ज्यांना शास्त्रोक्त म्हटले आहे, त्या जोड्यांना ‘गिली ब्रोग’ म्हणतात. गिली हा गेलिक शब्द. त्याचा अर्थ पोरगा, गडी. पुढे शिकारीला किंवा मासेमारीला निघालेल्या जमीनदाराबरोबर ओझे वाहत, चिखल तुडवत जाणाऱ्या माणसाला गिली म्हणू लागले. या जोड्याला जीभ नसते आणि नाड्या घोट्याभोवती गुंडाळून बांधाव्या लागतात. हायलंडमधले जुने जोडे कच्च्या कातड्याचे असत; त्यांत शिरलेले दलदलीचे पाणी बाहेर निघून जावे म्हणून त्यांना भोके ठेवलेली असत. आज लग्नमंडपात मिरवणाऱ्या ब्रोगवर जी नक्षी दिसते, ती त्या भोकांची आठवण आहे, आणि ती बहुधा आरपार नसते. थोडक्यात, लेखकाने ज्याला दरबारी जोडा मानले तो मुळात गड्याचा, कामाचा जोडा होता. त्याचे काम सुटले आणि मान वाढला, इतकेच.

हे मला पुस्तकातून कळले नाही. अबर्डीनला गेल्यावर पहिल्याच वर्षी एका सहकाऱ्याच्या लग्नासाठी मी दुकानातून किल्टचा संपूर्ण पोशाख भाड्याने आणला होता. चर्चबाहेर गाड्या उभ्या करण्याची सोय एका गवताळ शेतात होती आणि आदल्या रात्रभर पाऊस पडला होता. गाडीपासून चर्चच्या दारापर्यंत जाईतो माझे दोन्ही जोडे पाण्याने भरले, नाड्या सुटून घोट्यावरून ओघळल्या आणि पांढऱ्या मोज्यांचा रंग सांगण्यासारखा उरला नाही. तेवढ्यात नवरीचे मामा आले. डोंगरावरच्या हरणांची राखण करणे हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. त्यांच्या अंगावर घरचा, कडा विरलेला किल्ट होता, पायांत गुडघ्याखाली दुमडलेले जाड, घरी विणलेले मोजे होते, आणि तळाला खिळे ठोकलेले जाडजूड बूट होते, ज्यांना तिकडे ‘टॅकेटी बूट’ म्हणतात. मांडवात त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. पाहिले ते माझ्याकडे.

आता लेगिंग्जविषयी. येथे शब्दाने घोटाळा केला आहे, असे मला वाटते. लेगिंग म्हटले की आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर कुर्त्याखाली घालतात तो ताणला जाणारा तंग पायजमा येतो. इंग्रजीत मात्र हा शब्द पूर्वी नडगी झाकणाऱ्या कातड्याच्या किंवा जाड कापडाच्या आवरणासाठी वापरला जाई, आणि किल्टचा त्याच्याशी संबंध फार जुना आहे. 1746 साली कलोडनच्या लढाईत हायलंडमधल्या बंडखोरांचा पराभव झाल्यानंतर ब्रिटिश संसदेने हायलंडच्या पोशाखावर बंदी घातली, ती 1782 साली उठली. मधल्या छत्तीस वर्षांत फौजेतल्या हायलंड पलटणींना मात्र या बंदीतून सूट होती. त्यामुळे आज आपण ज्याला किल्टचा पोशाख म्हणतो, त्याच्या घडणीत शिंप्याइतकाच फौजेच्या कोठाराचाही हात आहे. आणि सैनिक काही नाचाचे जोडे घालून मोहिमेवर जात नव्हता. एकोणिसाव्या शतकात या पलटणींच्या बुटांवर पांढरे स्पॅट, म्हणजे घोटा झाकणारी कापडी आवरणे, आली. पहिल्या महायुद्धात तर किल्टखाली जाड लष्करी बूट, पंजा नसलेले लोकरी मोजे आणि घोट्याभोवती गुंडाळलेल्या आखूड पट्ट्या असाच थाट होता. या पट्ट्यांना इंग्रजीत ‘पुट्टी’ म्हणतात, आणि तो शब्द दुसरातिसरा कोणता नसून आपली ‘पट्टी’च आहे. हिंदुस्थानात असताना ब्रिटिश फौजेने ही वस्तू आणि तिचे नाव दोन्ही उचलले. स्कॉटलंडमधल्या एखाद्या लष्करी संग्रहालयात किल्टधारी शिपायाच्या पायांवर ही पट्टी पाहताना मराठी माणसाला जी गंमत वाटते, ती तिथल्या मार्गदर्शकाला समजावून सांगणे अवघड जाते.

पाय उघडे ठेवण्याची किंमतही या सैनिकांनी मोजली आहे. 11 डिसेंबर 1899 रोजी दक्षिण आफ्रिकेत मागर्सफोंटेन येथे हायलंड ब्रिगेड बोअरांच्या, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतवाल्यांच्या, गोळीबारात सापडली आणि सैनिकांना भर उन्हात तासन् तास पालथे पडून राहावे लागले. गुडघ्यांची मागची बाजू उन्हाने अशी भाजून निघाली की अनेकांना चालणे कठीण झाले. पहिल्या महायुद्धात किल्टच्या चुण्यांना लागलेला चिखल थंडीत गोठून त्याच्या कडा मांड्यांना कापत, आणि 1917 साली कातडी भाजणारा मस्टर्ड वायू आल्यानंतर उघड्या कातडीचा धोका आणखी वाढला. गुडघा दिसला पाहिजे हा नियम ज्यांनी पाळला, त्यांनी तो सोसूनच पाळला. थंडीत किल्टखाली कोणी काही घातले तर निदान त्यांचे नाव पुढे करून त्याला दोष देऊ नये.

राजांची गोष्ट तर याहून मजेची आहे. 1822 च्या ऑगस्ट महिन्यात ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. सुमारे पावणेदोनशे वर्षांत प्रथमच सत्तेवर असलेला राजा स्कॉटलंडमध्ये पाऊल टाकत होता, आणि कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी साऱ्या सोहळ्याची आखणी केली होती. किल्टला प्रतिष्ठेचा राष्ट्रीय पोशाख म्हणून जी मान्यता मिळाली, तिचे मोठे श्रेय या भेटीला दिले जाते. त्या प्रसंगी राजेसाहेबांनी किल्टखाली कातडीच्या रंगाच्या तंग विजारी घातल्या होत्या! डेव्हिड विल्की यांनी नंतर रंगवलेल्या चित्रात त्या दिसत नाहीत. चित्रकाराला व्यवहार कळत होता. लेखकाने थट्टा ठरवलेल्या वस्तूला असा राजमान्यतेचा आधार आहे, एवढे नमूद करून हा मुद्दा सोडतो.

याचा अर्थ किल्टवर काहीही चालते असे मी म्हणत नाही. माझेही काही आग्रह आहेत आणि ते वयोमानानुसार वाढत चालले आहेत. आठ यार्ड लोकरीचा किल्ट अंगावर भारी असतो, त्याच्या मागच्या चुण्या चालताना हलल्या पाहिजेत. खाली हलके, हडकुळे कॅनव्हासचे बूट घातले की माणूस वरून जड आणि खालून पोकळ दिसतो. चामड्याचा भक्कम बूट आणि त्याच्या तोंडाशी सैल दुमडलेला जाड मोजा हा तोल बरोबर सांभाळतो. फुटबॉलच्या सामन्यांना जाणाऱ्या स्कॉटिश चाहत्यांनी, ज्यांना किल्टच्या चौकडीच्या कापडावरून, म्हणजे टार्टनवरून, ‘टार्टन आर्मी’ म्हणतात, हीच पद्धत उचलली आहे. डोंगरात, जिथे गुडघाभर नेचे आणि त्यात गोचीड असतात, तिथे नडगीवर कापडी गेटर चढवणे हे शहाणपणाचे आहे, कारण या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो. तंग लेगिंग्जविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. थंडीसाठी किंवा खेळासाठी त्या घालाव्यात, पण एका रंगाच्या, गडद आणि नक्षीविना, म्हणजे टार्टनच्या चौकड्यांशी त्यांचे भांडण होत नाही. त्या घातल्या की मोज्यात खोचायच्या ‘स्किअन दू’ या छोट्या सुरीला जागा उरत नाही, हीही एक अडचण आहे. लग्नात किंवा मेजवानीत यजमानांनी जो पोशाख सांगितला असेल तोच करावा, याबद्दल तर वाद नाहीच. मीही भाड्याचे गिली ब्रोग पुन्हा घातले, फक्त गाडीपासून दारापर्यंत रबरी बूट वापरले.

आता त्या छायाचित्राकडे वळतो, कारण पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. चित्रातल्या गृहस्थांच्या हातात लांब दांड्याचा हातोडा आहे. ऑलिंपिकमधला हातोडाफेकपटू गोल गिरक्या घेतो. हायलंड क्रीडामेळ्यातला खेळाडू मैदानाकडे पाठ करून उभा राहतो आणि पाय जागचे न हलवता हातोडा डोक्याभोवती फिरवून मागे फेकतो. सोळा किंवा बावीस पौंडांचे ते वजन फिरताना माणसाला ओढून नेऊ नये म्हणून त्याच्या बुटांच्या पुढच्या टोकाला पोलादी पाती बसवलेली असतात आणि ती जमिनीत रोवून तो उभा राहतो. आपल्या छायाचित्रात डाव्या बुटाच्या टोकाशी असे पाते स्पष्ट दिसते. किल्टखालच्या काळ्या तंग विजारी सभ्यतेसाठी आणि स्नायूंच्या आधारासाठी आहेत. नाजूक नाड्यांचे जोडे घालून तो उभा राहिला असता, तर हातोड्याबरोबर तोही प्रेक्षकांत गेला असता.

त्या ओळीऐवजी ‘हातोडाफेकीच्या तयारीत असलेला खेळाडू; बुटांच्या टोकाला जमिनीत रोवायची पाती’ असा मजकूर आपल्या अंकाच्या संकेतस्थळावरील आवृत्तीत तरी घालावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे