नऊ ठिपक्यांचा कुत्रा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बिबट्याच्या शोधासाठी जुन्नर भागात वनखातं थर्मल ड्रोन वापरतं, त्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख फलटणहून भाच्याने मला पाठवला. लेख आवडला. फोटो मात्र चुकला. छापलेलं चित्र हिरवं आहे, आणि हिरवं चित्र सहसा थर्मलचं नसतं. ते जुन्या पद्धतीच्या नाइट व्हिजनचं, म्हणजे चांदण्याचा उरलासुरला उजेड हजारो पटींनी वाढवून दाखवणाऱ्या नळीचं. थर्मलला उजेड लागतच नाही. अमावस्येला, ढग भरून आलेले असतानाही ती चालते, कारण प्रत्येक वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता ती टिपते. फोटोखालची ओळ बदलून छापावी, एवढ्यासाठी दोन ओळी लिहायला बसले होते. पण लेखाच्या शेवटी ‘रात्रीचा दिवस करणारी दुर्बीण’ असे शब्द आहेत, आणि त्याच शब्दांवर भुलून भाच्याचा निरोप आला: ‘आत्या, दिवाळीला येताना बंदुकीवर बसणारी असली एक घेऊन ये. कोल्ह्यांनी वैताग आणलाय.’ म्हणून पत्र लांबलं.

मी फलटणला शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. आता टेक्सासमध्ये जंक्शन नावाच्या गावाबाहेर चाळीस एकरांवर राहते आणि साठ-सत्तर बोअर शेळ्या पाळते. (हीच बोअर फलटणच्या निंबकरांच्या संस्थेने भारतात आणली. इथल्या गोठ्यात पहिल्यांदा ती लाल डोक्याची, पांढऱ्या अंगाची शेळी पाहिली तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.) हा सगळा पट्टा शेळ्या-मेंढ्यांचा. चुनखडीच्या टेकड्या, खुरटे ज्युनिपर, ज्याला इथले लोक सीडर म्हणतात, आणि मधूनमधून ओक. आणि कोयोट.

मराठी वर्तमानपत्रं कोयोटला कधी लांडगा म्हणतात, कधी कोल्हा. तो दोन्ही नाही. आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड, आपल्या माळावरच्या लांडग्यापेक्षा हलका, दहा ते अठरा किलोचा. दोघंच ओरडत असले तरी दहा जण असल्यासारखं वाटतं. कोल्हेकुई ऐकत वाढलेल्या मलाही पहिल्या महिन्यात झोप लागली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत शेळ्या व्यायल्या आणि आठवड्यात पाच करडं गेली. सगळ्यांच्या गळ्यावर दात. यजमान गावातल्या दवाखान्यात डॉक्टर, बंदुकीला हात न लावणारे. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. बंदूक होतीच, रात्री दिसत नव्हतं. मी घाईघाईने इंटरनेटवरून थर्मल स्कोप, म्हणजे बंदुकीवर बसणारी थर्मल दुर्बीण, मागवला, सर्वांत स्वस्त. जाहिरातीत लिहिलं होतं: ‘शोध पल्ला ९०० मीटर’. माझी जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाचशे मीटरही नाही. म्हटलं, मग तर चैनच.

तिसऱ्या रात्री कुंपणापलीकडून एक पांढरा गोळा शेळ्यांच्या वाड्याच्या दिशेने येताना दिसला. अंतर साधारण एकशे ऐंशी मीटर. चार पाय, शेपूट खाली, चाल सावकाश. झूम वाढवला, तर गोळा मोठा झाला आणि आणखी धूसर झाला. बोट घोड्यावर नव्हतं, पण जवळ होतं, हे कबूल करते. यजमान शेजारी थर्मासमधला चहा ओतत होते. म्हणाले, ‘थांब जरा, शेळ्या उठल्या नाहीत.’ खरंच, एकही शेळी उठली नव्हती. मी थांबले. गोळा शंभर मीटरवर आला, माझा वास लागला असावा, आणि शेपूट हलायला लागली. शेजाऱ्याचा ग्रेट पिरेनीज होता, मेंढ्यांचा राखणदार, पांढराशुभ्र, माझ्या हातून कित्येकदा भाकरी खाल्लेला. बंदूक खाली ठेवली तेव्हा हात थरथरत होते. त्या रात्री मी पुन्हा ती उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. जे गणित विकत घेण्याआधी करायला हवं होतं ते नंतर केलं. पंचवीस वर्षं मुलांना भिंगं शिकवली, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा जाहिरात वाचून पैसे भरले!

गणित सातवी-आठवीतलं आहे. थर्मलच्या भिंगामागे बारीक ठिपक्यांची जाळी असते. हल्लीच्या बहुतेक यंत्रांत एकेक ठिपका १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ठिपक्याच्या मापाला भिंगाच्या नाभीय अंतराने भागून जनावराच्या अंतराने गुणलं की एक ठिपका दूरवर किती जागा व्यापतो ते कळतं. माझ्या पहिल्या स्कोपचं भिंग १९ मिलिमीटरचं. म्हणजे शंभर मीटरवर एक ठिपका सव्वासहा सेंटिमीटरचा आणि एकशे ऐंशी मीटरवर साडेअकरा सेंटिमीटरचा. मीटरभर लांबीचा, सत्तर सेंटिमीटर उंचीचा कुत्रा त्यात आडवे नऊ ठिपके आणि उभे सहा. त्या सहा ओळींत कान, नाक, शेपटीचा झुपका काय दिसणार? झूम केला की ते नऊ ठिपके नऊच राहतात, फक्त जाड होतात.

मग ९०० मीटर कुठून आले? तेही खोटं नाही. १९५८ साली जॉन्सन नावाच्या अमेरिकी संशोधकाने लष्करासाठी ठोकताळा बांधला, तोच अजून चालतो. काहीतरी आहे एवढं कळायला वस्तूवर दोनेक ठिपके पुरतात. माणूस की जनावर हे कळायला आठ. नेमकं कोण हे ओळखायला तेरा. ९०० मीटरवर उभा माणूस माझ्या स्कोपमध्ये तीन ठिपके उंच दिसला असता. कंपनीच्या हिशेबाने ‘शोध’ लागला. माझ्या हिशेबाने एवढ्यावर गोळी सुटली तर तो खून.

तेव्हा भाच्यालाच नव्हे, इकडे अमेरिकेत शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींनाही माझं सांगणं: आधी अंतर ठरवा, मग भिंग, मग बाकीचं. कोयोट खांद्याशी साठ सेंटिमीटर धरला आणि तेरा ठिपके हवे असतील, तर ३५ मिलिमीटरच्या भिंगाने तो एकशे तीस मीटरपर्यंत ओळखता येतो, ५० मिलिमीटरच्या भिंगाने एकशे नव्वदपर्यंत. कॅन्ससच्या सपाट गव्हाच्या रानात मी ५० चं घेतलं असतं. माझ्याकडे सीडरच्या गर्दीत दीडशे मीटरच्या पुढे मोकळी नजर क्वचितच जाते. शिवाय भिंग जितकं लांब तितका दिसणारा टापू अरुंद, आणि कोयोट काही पुतळ्यासारखा उभा राहत नाही. मी ३५ चं घेतलं आणि कागदावर १३० लिहून बंदुकीच्या दस्त्याला चिकटवलं.

दुकानात सगळे ‘६४० घ्या, ६४० घ्या’ म्हणतात. म्हणजे आडवे ६४० ठिपके. इथे एक गंमत आहे, जी विकणारे सांगत नाहीत. भिंग तेच आणि ठिपक्याचं माप तेच असेल, तर ३८४ च्या यंत्रात आणि ६४० च्या यंत्रात कोयोटवर पडणारे ठिपके सारखेच असतात. ६४० मध्ये जास्त मिळतं ते रान. ३५ च्या भिंगातून शंभर मीटरवर ३८४ ला तेरा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, ६४० ला जवळजवळ बावीस मीटरचा. मला ते नऊ मीटर हवे होते, कारण करडं आणि कोयोट एकाच चौकटीत दिसायला हवेत. किंमत मात्र जवळपास दुप्पट. ज्यांना परवडत नाही त्यांनी ३८४ घ्यावं, कमीपणा काही नाही.

पण बंदुकीवरचा स्कोप ही दुसरी खरेदी. पहिली खरेदी हातात धरायची साधी थर्मल दुर्बीण, रुंद टापूची. मी रात्रीतला नव्वद टक्के वेळ तीच वापरते. बंदुकीवरच्या स्कोपने रान धुंडाळायचं म्हणजे जे जे दिसेल त्या प्रत्येकावर बंदूक रोखायची: शेजाऱ्याची गाय, शेजाऱ्याचा कुत्रा, वेळ आली तर शेजारी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणखी काही गोष्टी वापरताना कळल्या. काचेतून थर्मलला दिसत नाही. पिकपमध्ये बसून बंद खिडकीतून पाहिलं तर माझंच अंधुक तोंड समोर आलं. म्हणून तर या यंत्रांची भिंगं काचेची नसून जर्मेनियमची असतात, आणि म्हणून ती महाग. चुनखडीचे दगड दिवसभराचं ऊन मध्यरात्रीपर्यंत धरून ठेवतात. संध्याकाळी सारी टेकडी बसलेल्या जनावरांनी भरल्यासारखी वाटते. पहाटे तीननंतर दगड निवतात आणि चित्र स्वच्छ होतं. धुकं आणि पाऊस आले की सगळं पिठासारखं एकजीव. तापमानातला किती बारीक फरक यंत्राला कळतो, त्या संवेदनशीलतेचा आकडा मिलिकेल्विनमध्ये देतात. पंचवीस म्हणजे अंशाचा चाळिसावा भाग, लहान आकडा चांगला. दमट रात्री त्याचा उपयोग खरा कळतो.

अंतराचा अंदाज तर या चित्रात अजिबात लागत नाही. शंभर मीटरवरचा ससा आणि दोनशे मीटरवरचा कोयोट सारखेच वाटतात. (इथला ससाही काही आपल्या सशाएवढा नसतो, कान पाहिले तर गाढवाचं पिल्लू म्हणाल.) म्हणून आत लेसरने अंतर मोजायची सोय असलेलाच स्कोप घेतला. त्या एका सोयीवर पैसे वाचवू नयेत. कुंपणाची तार मात्र कुठल्याच थर्मलमध्ये धड दिसत नाही, आणि गोळी कुठे जाऊन थांबेल, मागे टेकडी आहे की नुसतं आभाळ, हेही कळत नाही. ते दिवसाउजेडी चालून पाहून ठेवावं लागतं. मी तसा नकाशा काढून ठेवलाय, गोळी कुठल्या बाजूला चालेल आणि कुठल्या बाजूला कधीच नाही याचा.

नेम बसवायला कागदावरचं काळं वर्तुळ उपयोगाचं नाही, कारण कागद आणि शाई दोन्ही सारखीच गार. थंडीत खिशात ठेवायच्या गरम पुड्या मिळतात, त्यातली एक पुठ्ठ्यावर चिकटवायची, पन्नास यार्डांवर. यजमानांनी भाजलेला बटाटा सुचवला होता. पुडी बरी.

आणि हे सगळं करून दोन वर्षांत मी गोळ्या किती झाडल्या? तीन. कोयोट दोन. करडं वाचली ती बऱ्याच अंशी त्या गोळ्यांनी नव्हेच. शेजाऱ्याकडूनच पिरेनीजची दोन पिल्लं आणली, व्यायच्या महिन्यात करडं रात्री आत घेतली, जाळीच्या कुंपणाखालची उकरलेली बिळं बुजवली. परवाच्या हंगामात एक करडू गेलं, तेही न्यूमोनियाने.

आता भाच्याच्या मागणीविषयी. टेक्सासात कोयोटला शिकारबंदीचा हंगाम नाही. करडं मारणारा कोयोट जमीनमालकाने आपल्या जमिनीवर, रात्रीसुद्धा, मारला तर कायदा अडवत नाही. तरी मी निघण्याआधी इथल्या वनरक्षकाला फोन करते, म्हणजे बंदुकीचा आवाज ऐकून कोणी धावत येऊ नये. शेजारच्या राज्यांत नियम वेगळे आहेत. फलटणला मात्र ही गोष्टच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीला बसलाय. त्याच्यावर बंदूक रोखायला कुठली दुर्बीण चांगली, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. शिवाय बंदुकीवरचे थर्मल स्कोप अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येतात. परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेणं गुन्हा, मग ते पार्सलने पाठवा नाहीतर साड्यांच्या घडीत घालून न्या. ‘अमेरिकेतून येणारी आत्या’ हे काही परवान्याचं नाव नाही.

त्यापेक्षा आपल्या माणदेशातल्या धनगरांची वाघर बघ म्हणावं. मेंढरांभोवती रात्री लावतात ती जाळी, शेजारी एक जागं कुत्रं, आणि अंथरूण वाड्याच्या तोंडाशी. माझे वडील हेच करत. त्यांची करडं कोल्ह्याने नेल्याचं मला दोनदाच आठवतं, आणि दोन्ही वेळा ते लग्नाला गेले होते.

तेवढी फोटोखालची ओळ दुरुस्त करावी. आणि भाचा आपलं वर्तमानपत्र रोज वाचतो म्हणून इथेच कळवते: स्कोप येणार नाही. बॅगेतल्या त्या जागेत नदीकाठच्या झाडांचे पेकान, अक्रोडासारखे असतात ते, आणते, दोन किलो. सोलून.

आपली,
एक शेळीवाली
जंक्शन, टेक्सास (मूळ फलटण)
(नाव छापू नये, ही विनंती.)