डायनासोरांचा अंत : आधी तारखा पाहाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डायनासोर कशाने संपले यावर वर्तमानपत्रांत वरचेवर मजकूर येतो. एका लेखात मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह दोषी असतो, दुसऱ्यात दख्खनचा लाव्हा. दोन्ही घटना खऱ्या आहेत आणि दोन्हींचे पुरावे हातात घेऊन पाहता येतात. खरा वाद क्रमाचा आहे : कोणता लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या आघाताआधी वाहिला आणि कोणता नंतर? हा क्रम सांगणारे खडक आपल्याच घाटांत आहेत. तरीही मराठी मजकुरात तारखांचा भाग बहुतेक वेळा गाळला जातो, म्हणून हे पत्र.

आधी लघुग्रहाची बाजू. १९८० साली लुईस आणि वॉल्टर आल्वारेझ, फ्रँक असारो व हेलन मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळचा, डायनासोरांच्या अंताच्या काळातला सेंटिमीटरभर जाडीचा चिकणमातीचा थर तपासला. त्यात इरिडियम हा धातू आसपासच्या चुनखडीच्या सुमारे ३० पट निघाला, डेन्मार्कमधल्या त्याच काळाच्या थरात सुमारे १६० पट. इरिडियम पृथ्वीच्या कवचात अत्यल्प आणि अशनींत भरपूर असतो, म्हणून मोठा लघुग्रह आदळला असावा असे त्यांनी मांडले. विवर सापडायला आणखी दहा वर्षे लागली. युकातान द्वीपकल्पाखाली, चुनखडीत गाडलेले चिक्शुलूबचे हे विवर सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे आहे आणि ते पाडणारा लघुग्रह साधारण १० किलोमीटरचा असावा. या काळाच्या थरांत गारेचे (क्वार्ट्झ या खनिजाचे) असे कण मिळतात, ज्यांच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या सूक्ष्म समांतर पट्ट्या असतात. अशा पट्ट्या पाडणारा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही.

२०१६ मध्ये या विवराच्या आतल्या कड्यात समुद्रतळाखाली सुमारे ५०० पासून १३३५ मीटरपर्यंत वेधन करून खडकाचा गाभा काढला गेला. त्यात सुमारे १३० मीटर जाडीचा भराव पहिल्या एका दिवसात साचलेला दिसला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जे तिथे मिळाले नाही ते. त्या भागातल्या मूळ खडकांत जिप्समसारखे गंधकयुक्त खडक भरपूर असताना भरावात ते जवळजवळ नव्हते. याचा अर्थ ते वाफ होऊन वर गेले. त्या गंधकाचे सूक्ष्म थेंब, धूळ आणि काजळी यांनी सूर्यप्रकाश अडवला, प्रकाशसंश्लेषण मंदावले आणि अन्नसाखळी तळापासून तुटली. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या कवचधारी, एकपेशी फोरॅमिनिफेरांच्या ९० टक्क्यांहून अधिक जाती नेमक्या या काळाच्या थरापाशी थांबतात. एकूण जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश गेल्या. अनेक लेखांत याचे ‘७५ टक्के प्राणी मेले’ असे रूपांतर होते. जाती नष्ट होणे आणि प्राणी मरणे ही दोन वेगळी मोजमापे आहेत.

आता आपली बाजू. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तो शंकूसारख्या डोंगरांतून उसळलेला नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहत आला. म्हणून रायगड, हरिश्चंद्रगड किंवा इतर कोणताही गड ‘मृत ज्वालामुखी’ म्हणणे चूक आहे. एकावर एक साचलेले लाव्हाचे थर पुढे पाण्याने कापले गेले आणि उरलेल्या तुकड्यांना आपण गड आणि कडे म्हणतो. भूशास्त्रज्ञांनी खालून वर या थरांचे गट पाडले आणि त्यांना आपल्या गावांची नावे दिली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना यांतले वरचे तीन गट ओलांडले जातात आणि माथ्यावर जांभा लागतो. डायनासोरांच्या अंताची तारीख या चळतीत नेमकी कुठे बसते, हाच आजचा कळीचा प्रश्न आहे.

सोपा उपाय म्हणजे घाटात इरिडियमचा थर शोधणे. पण सह्याद्रीच्या चळतीत तो निर्विवादपणे मिळालेला नाही. शांत समुद्रतळावर पडलेली धूळ जागच्या जागी राहते. इथे ती उघड्या लाव्हावर पडली, पावसाने वाहिली, मातीत कालवली गेली आणि वर पुन्हा लाव्हा आला. म्हणून वय मोजूनच क्रम लावावा लागतो आणि त्यासाठी दोन स्वतंत्र घड्याळे वापरली जातात.

पहिले घड्याळ आर्गॉनचे : खडकातल्या पोटॅशियमचा किरणोत्सारी भाग ठरावीक वेगाने या वायूत बदलत जातो. बेसाल्टमधले प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे कण वेगळे काढतात, अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करतात आणि नंतर टप्प्याटप्प्याने तापवून बाहेर पडणारा आर्गॉन मोजतात. अडचण अशी की आपल्या प्लॅजिओक्लेजमध्ये पोटॅशियम फार कमी असते, त्यामुळे एकेका नमुन्याच्या वयातली अनिश्चितता बरीच मोठी राहते. त्यातच इथल्या दगडांच्या पोकळ्या झिओलाइट या खनिजाने भरलेल्या असतात, ज्याला घाटात सर्रास गारगोटी म्हणतात. अशा बदललेल्या दगडातून आर्गॉन निसटलेला असतो आणि वय चुकीचे येते. नमुना म्हणूनच थराच्या मधल्या, घट्ट, बिनछिद्री भागातून घ्यावा लागतो. वरचा सच्छिद्र भाग कितीही हाताशी असला तरी उपयोगाचा नाही.

दुसरे घड्याळ झिरकॉन या खनिजातल्या युरेनियम-शिशाचे : युरेनियमचे ठरावीक वेगाने शिसे होत जाते. बेसाल्टमध्ये झिरकॉन क्वचितच असते. इथे कामाला येतो तो दोन लाव्हाथरांमधला लाल मातीचा पट्टा, ज्याला भूशास्त्रात ‘रेड बोल’ म्हणतात. दोन उद्रेकांमध्ये खंड पडला की लाव्हाचा माथा झिजून माती होते आणि वरून आलेल्या पुढच्या लाव्हाने ती विटेसारखी भाजली जाते. कधी कधी या मातीत दुसरीकडून उडून आलेली सिलिकायुक्त राख मिसळलेली असते आणि त्या राखेत केसाच्या जाडीएवढे झिरकॉनचे स्फटिक असतात. पट्ट्याचा बाहेरचा भाग खरवडून आतली ताजी माती घ्यायची, वरून ओघळलेली माती त्यात येऊ द्यायची नाही, मग धुऊन, चुंबकाने आणि जड द्रवाने वेगळे करून स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचायचे. पट्टा लाल दिसला म्हणजे झिरकॉन मिळेलच असे नाही. बरेच पट्टे रिकामे निघतात.

स्फटिक मिळाल्यावरही दोन दिशांनी चूक होते. स्फटिक उद्रेकाच्या बराच आधी शिलारसात तयार झालेला असला, किंवा जुन्या खडकातून वाहून आलेला असला, तर वय खऱ्यापेक्षा जास्त येते. किरणोत्साराने स्फटिकाला इजा होऊन शिसे निसटले असेल तर वय कमी येते. दुसरी चूक टाळण्यासाठी स्फटिक तापवून हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवतात, म्हणजे इजा झालेला भाग विरघळून जातो. पहिली टाळण्यासाठी अनेक कण मोजून त्यांतल्या सर्वांत तरुण गटावर भर देतात. इतके केल्यावर अनिश्चितता काही दशसहस्र वर्षांवर येते आणि हा प्रश्न सोडवायला तेवढी बारीक घड्याळे लागतातच.

२०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात या दोन घड्याळांचे दोन निबंध आले. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी झिरकॉनवरून लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आल्याचे मांडले. त्यांतला पोलादपूर गटाचा झटका विलोपाच्या, म्हणजे डायनासोरांसह इतक्या जाती नष्ट होण्याच्या, काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला. बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी आर्गॉनवरून उद्रेक जवळजवळ सलग सुमारे १० लाख वर्षे चालल्याचे मांडले. त्यांच्या मते विलोपाची सीमा बुशे आणि पोलादपूर या गटांच्या संधीजवळ पडते आणि लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्यानंतरचा आहे. तसे असेल तर पोलादपूर ते महाबळेश्वर हा सगळा डोंगर डायनासोर गेल्यानंतर उभा राहिला. ‘सह्याद्रीने डायनासोर मारले’ असे छापण्याआधी एवढा फरक तरी वाचकाला सांगायला हवा.

लाव्हाचे माप हे वायूचे माप नव्हे, हीही सावधगिरी हवी. लाव्हा वर येण्याआधीच खोल शिलारसातला कार्बन डायॉक्साइड भेगांतून निसटू शकतो. म्हणून हवामानाच्या खुणा वेगळ्या तपासाव्या लागतात. २०२० साली समुद्रातल्या सूक्ष्म कवचांवरून निघालेला निष्कर्ष असा : ज्वालामुखीच्या वायूंनी तापमान सुमारे २ अंशांनी वाढले खरे, पण ती वाढ विलोपाच्या बऱ्याच आधी ओसरली होती. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या दलदलींच्या कोळशावरून दिसले की विलोपाच्या सुमारे ३० हजार वर्षे आधी जमिनीवर सुमारे ५ अंशांची थंडी आली. गंधकवायूंनी ती आणली असावी आणि तीही विलोपापूर्वी सरली. गंधकाच्या परिणामाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : १७८३-८४ मध्ये आइसलँडच्या लाकी भेगेतून ८ महिन्यांत साधारण १५ घन किलोमीटर लाव्हा आला आणि युरोपभर विषारी धुके पसरले. दख्खनचा एकेक प्रवाह हजार घन किलोमीटरच्या पुढचा असू शकतो. मात्र गंधक हवेत दोन-तीन वर्षेच टिकते. पुढचा उद्रेक शंभर वर्षांनी झाला, तर मधल्या काळात जीवसृष्टी सावरते. उद्रेकांमधला खंड किती, हे लाल पट्टेच सांगू शकतात.

लाव्हाने एकट्याने डायनासोर संपवले नाहीत, असेच जीवाश्मही सुचवतात. कच्छमधल्या अंजारजवळ लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरांची हाडे आणि अंड्यांची कवचे मिळाली आहेत. लाव्हा वाहू लागल्यानंतरही ते भारतात जगत होते. माझे मत विचाराल तर आजच्या पुराव्यावर घाव लघुग्रहाचाच. दख्खनने त्याआधी हवामान हेलकावत ठेवले आणि नंतर समुद्र सावरण्याचा वेग बदलला असू शकतो. आघाताच्या धक्क्याने दख्खनचा लाव्हा वाढला, हे गृहीतक २०१५ साली मांडले गेले, पण ते कोणत्या घड्याळावर विसंबायचे त्यावर टिकते किंवा पडते.

दोन गोष्टी मात्र या चर्चेतून काढून टाकाव्यात. लोणार सरोवराचा डायनासोरांशी काहीही संबंध नाही. सुमारे १.८ किलोमीटरचे ते विवर घट्ट झालेल्या बेसाल्टमध्येच पडलेले आहे, म्हणजे लाव्हानंतरचे आहे. त्याचे वय कोणी ५० हजार वर्षांच्या आसपास, तर अलीकडची मोजणी ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास सांगते. कोणतेही धरले तरी कोट्यवधी वर्षांचे अंतर उरते. दुसरे, मुंबईजवळच्या समुद्राखालचे तथाकथित ‘शिवा’ विवर. ती कल्पना शंकर चॅटर्जी यांनी मांडली, पण आघाताने झालेले विवर म्हणून भूशास्त्रज्ञांनी सर्वसाधारणपणे ते स्वीकारलेले नाही.

शेवटी एक विनंती, आपल्यामार्फत रस्ते बांधणाऱ्यांना. घाट रुंद करताना ताज्या कड्यावर जाळी लावून सिमेंटचा फवारा मारला जातो. लाल पट्टा मऊ असतो, त्यावरून पाणी झिरपते आणि वरचा कातळ सुटतो, त्यामुळे तो झाकणे सुरक्षिततेसाठी गरजेचे आहे. पण झाकण्याआधी प्रत्येक लाल पट्ट्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, जाडी आणि अक्षांश-रेखांश नोंदवून, १५-२० किलो ताजी माती थराचे नाव लिहून जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे द्यावी. जिथे कडा बुटका आहे तिथे तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा उघडा ठेवून त्याखाली पाणी काढणारी नळी बसवावी. आंबेनळी घाटापासून सुरुवात करता येईल.

आपला विश्वासू,
भूशास्त्राचा एक शिक्षक, वाई