मॅटखाली काय आहे?

महोदय,

नृत्याचा वर्ग लावताना पालक फी विचारतात, वेळ विचारतात, शिकवणार कोण तेही विचारतात. जमीन कशी आहे, हे मला विचारले ते फक्त एका सुताराने. मुलीचे नाव घालायला आले होते, आधी टाच आपटून पाहिली आणि मगच बोलायला बसले.

मी नृत्य शिकवते. विद्यार्थिनीच्या नडग्या दुखू लागल्या की घरचे म्हणतात, वॉर्म-अप कमी पडला असेल. असेलही. पण घरी सराव कशावर करतेस, असे विचारले की बहुतेकींचे उत्तर ठरलेले, 'मॅटवर.' त्या मॅटचा कोपरा जरा उचलून पाहा. दोन-तीन मिलिमीटरचे विनाइल आणि खाली थेट फरशी! पाय घसरू नये, एवढ्यापुरते ते ठीक. आघात शोषणे त्याच्या आवाक्यातले नाही.

उडीवरून उतरताना वजनाच्या कित्येक पट भार पायावर येतो. पोटरीचा स्नायू ताणला जात असतानाच तो भार धरून ठेवतो आणि टाच अलगद खाली आणतो. जमीन थोडी दबली तर त्याला मदत होते. नाही दबली, तर घोटा नि गुडघा जास्त वाकवून पायालाच सगळे निभवावे लागते. स्नायू थकले की हाडाला सोसावे लागते. मग नडगीच्या आतल्या कडेला ठसठस, पुढे कधी पावलाच्या लांब हाडाला बारीक चीर.

म्हणून गादी अंथरावी, असेही नाही. फार मऊ जमीन उडीचा जोर गिळते, पोटऱ्या लवकर भरून येतात. हवा तो रबरी पॅडवर किंवा पट्ट्यांच्या जाळीवर बसवलेला लाकडी मजला. मोजमापात काँक्रीटचे शोषण शून्य धरतात. 50 टक्के म्हणजे काँक्रीटच्या निम्माच दणका. मात्र काम ढिसाळ असेल तर खालच्या दांड्यावर मजला टणक आणि दोन दांड्यांच्या मधे लवचीक लागतो. पाय एका अंदाजाने उतरतो आणि जमीन भलतीच भेटते. सगळीकडे सारख्याच कडक जमिनीपेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते.

सभागृहांच्या माहितीपत्रकात दिवे, ध्वनी, वातानुकूलन सगळे असते. मंचाच्या मजल्याखाली काय आहे, तेही एका ओळीत छापावे. स्पर्धेच्या आयोजकांनी ते प्रवेशअर्जातच कळवले, तर उड्या किती ठेवायच्या हे आम्हाला नाच बसवतानाच ठरवता येईल.

– एक नृत्यशिक्षिका